वाजवणाऱ्यांचा मान, बघणाऱ्यांचं भान

 

आषाढ सरत आला की संध्याकाळी मैदानावरून ढोलाच्या सरावाचा आवाज यायला लागतो. त्या दिवसांत आम्हा सहयोगिनींना गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. हप्ते भरून झाले, वही मिटली, की कुणीतरी हळूच म्हणतं, “पोरगी ढोल पथकात जायचं म्हणते. पाठवावी का?” अडचण काय, असं विचारलं की उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. मुलीला वाजवायला जमेल का, ही शंका कुणाला नसते. बघणारे कसे असतील, याची धास्ती असते.

ढोलाबद्दल, पथकांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. बघणाऱ्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. वाजवणारा आणि बघणारा अशा दोघांनी मिळून ती मिरवणूक होते. म्हणून आज बघणाऱ्यांचा इतिहास बघू. आपल्याकडे वाद्य ऐकायची रीत कशी होती, वाजवणाऱ्याला आपण कसं वागवलं, बाईच्या हातात वाद्य आलं तेव्हा लोकांनी तिच्याकडे कसं पाहिलं, आणि आज त्यातलं काय ठेवायचं, काय टाकायचं.

वाद्य म्हणजे निरोप

जुन्या काळी वाद्य करमणुकीपुरतं नव्हतं. गावात दवंडी पिटली की हातातलं काम थांबवून माणूस दारात यायचा, कारण दवंडी म्हणजे सरकारचा नाहीतर पाटलाचा निरोप. किल्ल्यावर आणि देवळात नौबत झडायची, चौघडा वाजायचा. पुण्याच्या शनिवारवाड्याचा नगारखाना आजही दिल्ली दरवाज्यावर उभा आहे. वेळ झाली, दार उघडलं, देवाची आरती सुरू झाली, असं सगळं वाद्यच सांगायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला कान देऊन ऐकावंच लागायचं. कुठला ठोका कशाचा, हे लहान पोरालाही कळायचं. लग्नाची हलगी वेगळी, देवाच्या पालखीची वेगळी, मयताची वेगळी.

ताशाही याच रस्त्यानं आपल्याकडे आला. या वाद्याचं नाव फारसीतून आलेलं आहे. उथळ वाटीसारखं भांडं, वर ताणलेलं पान, गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवायचं. मोहरमच्या ताबुतापुढे ताशा वाजतो आणि गणपतीपुढेही वाजतो. कितीतरी गावांत दोन्हीकडे वाजवणारे हात तेच असतात.

ऐकण्याच्या काही रीती गावानं स्वतःच घालून घेतल्या होत्या. दुखवट्याच्या घरापुढून वरात जाताना वाद्य थांबवायचं. वाद्याला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा. जत्रेत लेझमीचा डाव रंगला की बघणाऱ्यांनी आपणहून रिंगण धरायचं, म्हातारी माणसं आणि पोरं पुढे बसवायची, खेळणाऱ्यांना जागा मोकळी ठेवायची. डाव संपला की “वा रे पठ्ठ्या!” म्हणून दाद द्यायची, कुणी फेटा बांधायचा, कुणी नारळ द्यायचा. उत्साहाला कुठंच तोटा नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरी ढोलांच्या गजरात इतका भंडारा उधळला जातो की माणसांसकट सगळा माळ पिवळा होतो. जल्लोष आपल्याला नवा नाही, आणि त्याला घातलेली रीतही नवी नाही.

आणि बायका? बायका धाब्यावरून, माडीवरून, देवळाच्या ओट्यावरून बघायच्या. पालखी दारात आली की औक्षण करायच्या, पायांवर पाणी घालायच्या. छबिना रात्री उशिरा निघाला तर डोक्यावरचा पदर सावरत कोपऱ्यात उभ्या राहायच्या. बघायची परवानगी होती, पण लांबून.

वरातीत पुढे, पंगतीत मागे

आता या रीतीची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अर्धवट होईल. वाद्याला आपण पाया पडत होतो. वाजवणाऱ्याचं काय?

गावगाड्यात वाद्यं जातीजातींना वाटून दिलेली होती. अनेक गावांत हलगी मातंग समाजाकडे, सनई आणि डफडं होलार समाजाकडे, देवळातलं वाजवणं गुरवाकडे. वाजवल्याबद्दल सुगीत चार पायल्या धान्य मिळायचं. वरात निघायची ती हलगीवाल्याच्या मागे. म्हणजे हलगीवाला पुढे आणि नवरदेव मागे. पण पंगत बसली की हलगीवाल्याचं पान शेवटी, आणि तेही मांडवाबाहेर. देवाच्या पालखीपुढे त्याचं वाद्य चालायचं. देवळाची पायरी चढायला मात्र त्याला बंदी.

आणि बक्षिसी कशी द्यायचे? नोट ओवाळायची आणि मातीत टाकायची. वाजवणाऱ्यानं वाजवता वाजवता वाकून ती उचलायची. कधी दातात धरायला लावायची, आणि लोक हसायचे. याला पाहणारे उत्साह म्हणत होते. मैत्रिणींनो, हा प्रकार आपण ऐकलेला नाही, आपल्यातल्या बऱ्याचजणींनी डोळ्यांनी पाहिलाय. काही वरातींत तो आजही दिसतो.

याच अपमानाला कंटाळून कितीतरी घरांनी वाद्य खाली ठेवलं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची हलकी समजली जाणारी कामं सोडा, स्वाभिमानानं जगा, असं सांगितलं. वतनाच्या नावाखाली राबवून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध त्यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयकही आणलं. पुढे १९५८ च्या कायद्यानं महारकीसारखी कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. काही घरांनी हलगी खुंटीला टांगली ती कायमची. “कला का सोडली?” असं त्यांना विचारणारे पुष्कळ भेटतात. कला जड झाली नव्हती. बघणाऱ्यांची वागणूक जड झाली होती.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगितली. ज्याच्या वाद्यावर आपण नाचतो, त्यालाच कमी लेखायचं, ही सवय जुनी आहे. बाईच्या हातात वाद्य आलं, तेव्हा हीच सवय तिच्या वाट्याला आली.

बाईच्या हातातलं वाद्य

आपल्याला लहानपणापासून सांगतात की बाई कधी वाद्य वाजवत नव्हती. हे खरं नाही. खंडोबाची मुरळी घाटी वाजवत होती. यल्लम्माच्या जोगतिणी चौंडकं आणि तुणतुणं वाजवत गावोगाव फिरत होत्या. मंगळागौरीला, भोंडल्याला आपणही सूप, लाटणं, टाळ्या, फुगडीच्या पायांचा ठेका यातून तालच धरत होतो. ताल बाईला परका कधीच नव्हता.

फरक होता तो जागेचा. घरात, बायकांमध्ये ताल धरला तर ती सणाची हौस. चारचौघांत, रस्त्यावर, पुरुषांसमोर वाद्य हातात घेणारी बाई म्हणजे “देवाला सोडलेली”. तिच्याकडे बघायची नजरच वेगळी. मुरळी आणि जोगतीण यांना लोक देवाचं नाव घेऊन बोलवायचे आणि माणूस म्हणून वाटेल ते बोलायचे. देवाला मुली सोडण्याची चाल बंद करण्यासाठी मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा झाला. ते फार गरजेचं होतं. पण कायद्यानं चाल थांबते, नजर लगेच बदलत नाही. चारचौघांत वाजवणारी बाई ही सगळ्यांची, तिला काहीही बोललं तरी चालतं, अशी समजूत लोकांच्या मनात राहून गेली.

आज पथकातल्या मुलीला गर्दीतून कुणी वाईट बोलतो, कुणी तिच्याच अंगावर मोबाईल धरून चित्रण करतो, तेव्हा त्याच्या तोंडून ती जुनी समजूत बोलत असते. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसेल, पण मूळ तिथं आहे. म्हणून अशा वेळी “मुलींनी कशाला जावं?” असं विचारणं म्हणजे हलगीवाल्याला “तू वाकतोस कशाला?” असं विचारण्यासारखं आहे. प्रश्न नोट फेकणाऱ्याला विचारायला हवा.

मिरवणूक बदलली, बघणारेही बदलले

आता पुण्याकडे जाऊ, कारण आजचं ढोल-ताशा पथक जसं आपण ओळखतो, तसं ते तिथं घडलं.

१८९२-९३ च्या सुमारास भाऊसाहेब रंगारी आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी पुण्यात गणपती रस्त्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी ते काम उचलून धरलं आणि उत्सव गावोगाव पसरला. सुरुवातीच्या वर्षांत मेळे असायचे. मुलं एकसारखे कपडे घालून, लेझीम खेळत, पदं म्हणत जायची. पदांमध्ये स्वराज्याचा विषय यायचा. इंग्रज सरकारचं त्यांच्यावर लक्ष असायचं, पुढे बंधनंही आली. इथं बघणाऱ्यांमध्ये एक बदल झाला. आतापर्यंत वाजवणारा एका जातीचा आणि बघणारा दुसऱ्या जातीचा असायचा. मेळ्यात खेळणारी पोरं बघणाऱ्यांच्याच घरची होती. त्यांच्यावर नोट ओवाळून मातीत कोण टाकणार?

ढोल-लेझीम मात्र खेड्यांचं होतं. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागातली पथकं पुण्यात गणपतीला वाजवायला यायची. शेतकरी गडी, डोक्याला पटका, कंबरेला ढोल. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी ही संस्था काढली. मुलांना शिस्त लागावी, अंगात जोम यावा, गावाकडच्या कलेशी नातं जुळावं म्हणून संस्थेनं शाळकरी मुलांच्या हातात ढोल आणि बर्ची दिली. पुढे रमणबाग शाळेचं पथक नावाजलं. मग एकेक करत पथकं वाढत गेली. आज पुण्यात त्यांचा मोठा पसारा आहे, एकेका पथकात शेकड्यांनी वादक असतात, आणि नाशिक, मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पथकं निघाली आहेत.

यात आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलींनी ढोल कंबरेला बांधला. प्रबोधिनीच्या मुली मिरवणुकीत उतरल्या, नंतर इतर पथकांत मुली आल्या. आज डॉक्टर होणारी मुलगी, बँकेतली नोकरदार बाई, दोन लेकरांची आई, सगळ्या एका रांगेत वाजवताना दिसतात. ढोल हलका नसतो. तासन्‌तास वाजवलं की बोटं सोलवटतात, म्हणून बोटांना चिकटपट्टी लावतात. दोरीनं खांदा आणि कंबर काचते. हे सगळं हौसेनं सोसणाऱ्या मुलींकडे बघताना लोकांना त्यांचं वाजवणं बघावंच लागलं. पहिल्या वर्षी कुजबुजणारे पुढच्या वर्षी टाळ्या वाजवू लागले, असं कितीतरी गावांत झालं. कुठल्याही कायद्यानं ही नजर बदलली नसती.

ऐकायचं कसं?

आता थोडं पथकाच्या आतलं सांगतो. आत काय चाललंय ते कळलं की बघण्यात गोडी येते, आणि भानही आपोआप येतं.

पथकात सगळ्यात पुढे ध्वज असतो. मग ताशे, मग ढोलांच्या रांगा, सोबत झांजा आणि टोल. टोल म्हणजे लाकडानं ठोकायची धातूची जाड थाळी. सुरुवात ताशा करतो. त्याच्या काड्या इतक्या भराभर चालतात की ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, एक सलग सरसर ऐकू येते. तिला तर्री म्हणतात. ताशानं इशारा दिला की ढोल उठतात. ढोलाच्या एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. टोल आणि झांज ताल सांभाळतात. एक ठराविक ठेका म्हणजे एक “हात”. एक हात संपून दुसरा सुरू होतो, तो क्षण बघण्यासारखा असतो. शंभर माणसं एकाच श्वासात बदलतात.

म्हणून दाद द्यायची जागा ती आहे. हात संपला, ढोल वर उचलले गेले, की मनसोक्त टाळ्या वाजवा, “मोरया” म्हणा. मध्येच शिट्टी मारू नका. काही पथकांत प्रमुख शिट्टीनंच इशारा देतो. गर्दीतल्या शिट्टीनं मागच्या रांगेतले वादक फसतात आणि सगळा ताल घसरतो. पथकाभोवती दोरी धरून स्वयंसेवक उभे असतात. दोरीच्या आत कुणी शिरायचं नाही, कारण आतल्या माणसाच्या हातात जोरात चालणारं टिपरू आहे, फिरणारा ध्वज आहे. गुलाल वादकांच्या तोंडावर उधळू नका, तो डोळ्यांत गेला की वाजवणारा आंधळा होतो. ढोलाची पूजा करूनच पथक उभं राहतं, बरेच जण अनवाणी वाजवतात. तेव्हा रस्त्यात फटाक्याची कागदं, काचा, पत्रावळ्या टाकू नयेत, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दाद कशी द्यावी याचा नमुना बघायचा असेल तर केरळातलं उदाहरण सांगतो. त्रिशूर गावात दरवर्षी पूरम नावाचा मोठा उत्सव होतो. वडक्कुन्नाथन देवळाच्या आवारात शेकडो वादक चेंडा हे त्यांचं वाद्य घेऊन उभे राहतात आणि दोन तासांहून जास्त वेळ वाजवतात. सुरुवात संथ, मग लय हळूहळू चढत जाते. समोर हजारो माणसं असतात. ती ढकलाढकली करत नाहीत. ताल चढेल तसे हात वर करून हवेत हलवतात, प्रत्येक ठोक्याबरोबर हजारो हात एकदम वर जातात. लय कुठं बदलणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं. त्यांच्या उत्साहात कमी काहीच नाही. वाजवणाऱ्याला धक्का न लावता त्याच्या तालात सामील व्हायचं, एवढीच त्यांची रीत.

ज्याला ऐकायचं नाही त्याचं काय?

बघणाऱ्यांची गोष्ट सांगताना घरात बसून ऐकणाऱ्यांना विसरून चालणार नाही. बाळंतीण, तान्हं बाळ, दमेकरी म्हातारा, परीक्षेचा अभ्यास करणारी पोर, गोठ्यातली जनावरं. हे मिरवणुकीला आलेले नसतात, मिरवणूक त्यांच्या दारात येते.

आवाजाबद्दल २००० साली केंद्र सरकारनं नियम केले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं.

हे नियम ऐकले की बरेच जण कपाळाला आठ्या घालतात. सण आमचा, आवाज आमचा, मध्ये कायदा कशाला, असं म्हणतात. त्यांना आम्ही एक खरी गोष्ट सांगतो. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली. १३ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती. शेजारी ध्वनिक्षेपकावर इतक्या मोठ्यानं गाणी लागली होती की तिची हाक कुणाला ऐकूच गेली नाही. नंतर तिनं स्वतःला जाळून घेतलं आणि त्यात ती गेली. या बातमीनं हादरलेल्या एका नागरिकानं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर जुलै २००५ मध्ये जो निकाल लागला, तो आजही देशात आवाजाबद्दलचा मोठा निकाल मानतात. कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध ऐकायची सक्ती करता येत नाही, असं न्यायालयानं त्यात सांगितलं.

तो आवाज ढोलाचा नव्हता, ध्वनिक्षेपकाचा होता, हे खरं. पण आपण बायकांनी ती गोष्ट विसरू नये. आवाज इतका असावा की त्यात एखाद्या लेकीची हाक बुडू नये. यापेक्षा सोपं माप आम्हाला माहीत नाही.

पथकांवर नुसती बंधनं घालावीत, असंही आमचं म्हणणं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या मिरवणुकीसाठी एका पथकात ३० च वादक असावेत, अशी मर्यादा घातली होती. पथकं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबरमध्ये त्या मर्यादेला स्थगिती मिळाली. म्हणजे वाद्याला जागा आहे. त्या जागेत शेजाऱ्याचाही वाटा आहे, इतकंच. रुग्णवाहिका आली की पथक थांबतं, ढोल बाजूला होतात, गर्दी दुभंगते. हे भान रुग्णवाहिकेच्या दिव्यासाठी येतं, तसं ते दिवा नसलेल्या घरांसाठीही यायला हवं.

बायकांचं पथक, बायकांची कमाई

काही जणी म्हणतील, हे सगळं शहरातल्या शिकलेल्या मुलींचं. आपल्यासारख्यांचं काय? तर बिहारमध्ये पाटण्याजवळ ढिबरा नावाचं गाव आहे. तिथल्या दलित बायका मजुरी करायच्या. सुधा वर्गीस यांच्या नारी गुंजन या संस्थेच्या मदतीनं त्यांनी बँड काढला, सरगम महिला बँड. सुरुवातीला गावानं टिंगल केली. घरातून विरोध झाला. बाई गळ्यात ढोल अडकवून लग्नात वाजवणार, हे कुणाला पटेना. त्यांनी सराव सोडला नाही. पुढे त्यांना लग्नाच्या, सरकारी कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. जो ढोल त्यांच्याच समाजातल्या पुरुषांनी अपमान सोसत वाजवला, तो त्यांनी ठरवलेला मोबदला घेऊन, गणवेश घालून वाजवला.

केरळात १९९८ साली कुडुंबश्री ही बायकांच्या गटांची मोठी चळवळ सुरू झाली. आपल्या बचत गटांसारखीच. तिथल्या काही गटांनी शिंगारी मेळम म्हणजे चेंडावादनाची पथकं काढली. बायका वाजवतात, मोबदला घेतात, गटाच्या खात्यात भरतात. पापड-लोणची हा गटाचा धंदा, तसंच वाजवणं हाही धंदा होऊ शकतो. पण हिशेबाच्या वहीत एक गोष्ट आधी लिहायला हवी: मोबदला आधी ठरलेला, पावतीसह, हातात किंवा खात्यात. ओवाळून टाकलेली नोट आपल्या वहीत नको.

आपल्या गावापुरतं

बघणाऱ्यांची रीत बदलायची तर ती गावातल्या बघणाऱ्यांनीच बदलायला हवी, आणि बघणाऱ्यांत निम्म्या आपण आहोत. आमच्या भागातल्या काही ग्रामसंघांनी यंदा जत्रा आणि गणपतीच्या आधी मंडळांसोबत बसायचं ठरवलं आहे. त्यांनी काढलेल्या मुद्द्यांवर तुम्हीही तुमच्या गटात बोला.

पथकाला सुपारी देताना मोबदला, पाणी, जेवण आणि मुली असतील तर कपडे बदलायला बंद खोली, हे आधीच ठरवावं. हलगीवाले, सनईवाले, बँडवाले, पथकवाले, कुणीही असोत, त्यांचं पान पाहुण्यांच्याच पंगतीत मांडावं. बक्षीस द्यायचं तर दोन्ही हातांनी, नाव पुकारून, फेटा बांधून द्यावं.

पथकाच्या दोरीजवळ दोन्ही बाजूंना आपल्या गटातल्या दहा-बारा बायकांनी उभं राहावं. भांडायला नव्हे. नुसतं उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, नाव घेऊन मुलींना दाद द्यायची. ओळखीच्या मावश्या-काकू समोर दिसल्या की वेडंवाकडं बोलणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. तरी कुणी छेड काढलीच तर मंडळाच्या कार्यकर्त्याला तिथल्या तिथं सांगायचं, पोलिसांना ११२ वर फोन करायचा. विचारल्याशिवाय मुलींचं चित्रण करून पुढे पाठवायचं नाही, हे मंडळानं माईकवरून आधीच सांगावं. दारू पिऊन आलेल्याला रिंगणात घेऊ नये, तो कुणाचाही मुलगा असो.

मिरवणूक निघायच्या आधी वाटेवरची घरं बघून यावीत. कुठं बाळंतीण आहे, कुठं आजारी माणूस आहे, कुठं दुखवटा आहे. त्या घरापुढं ढोल थांबतील, नुसता ध्वज पुढे जाईल. ही रीत आपल्या आज्यांच्या काळीही होती, आपल्याला फक्त ती परत चालू करायची आहे. आणि रात्री वेळ संपली की शेवटचा हात वाजवून, टाळ्यांच्या गजरात पथकाला निरोप द्यायचा.

शेवटी एक काम सांगतो. यंदा गावात पथक आलं की ताशाची तर्री ओळखायचा प्रयत्न करा. ढोलाचा हात कुठं बदलतो ते बघा. वाजवणाऱ्याचं नाव विचारा, आणि वाजवून झालं की त्याला किंवा तिला पाण्याचा तांब्या नेऊन द्या. हलगीवाल्यालाही, पथकातल्या पोरीलाही. आपल्या गावात वाद्य कोण वाजवेल, हे पुढच्या दहा-वीस वर्षांत आपण त्यांना कसं बघतो यावरच ठरणार आहे.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा गटाच्या लेखापरीक्षणाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.